फोल्जरचं मॅक्बेथ: गाइडमधला दोन रकान्यांचा तक्ता विसरायला लावणारी एडिशन

आधी निकालच सांगून टाकते म्हणजे घाईतल्या लोकांना पुढचं वाचायला नको. शेक्सपिअरचं मॅक्बेथ वाचायचं असेल, परीक्षेसाठी असो नाहीतर नुसती हौस म्हणून, तर फोल्जरची ती छोटी पेपरबॅक घ्या आणि सोबत गाइड घेऊ नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

झालं असं की भाचीला बीएला हे नाटक आहे, आणि तिच्याकडे जे गाइड होतं (प्रकाशकाचं नाव घेत नाही, सगळी सारखीच असतात) त्यात एक तक्ता होता. डावीकडे मॅक्बेथ, खाली लिहिलंय महत्त्वाकांक्षा. उजवीकडे बँको, खाली लिहिलंय सदसद्विवेक. लेडी मॅक्बेथ म्हणजे चौथी चेटकीण, मॅकडफ म्हणजे निष्ठा, विषय संपला. दहा मार्कांचा प्रश्न, दोन रकाने, पाठ करा आणि ओकून या. मी म्हटलं अगं मूळ वाच की एकदा, तर म्हणे मावशी ते इंग्रजी कळत नाही. आणि खरंच आहे, चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी, मलाही सरळ कळत नाही. म्हणून ही एडिशन मागवली, आणि मग तिच्यापेक्षा मीच जास्त वाचत बसले.

तर वस्तू काय आहे ते सांगते. फोल्जर शेक्सपिअर लायब्ररी वॉशिंग्टनमध्ये आहे, १९३२ साली सुरू झालेली. शेक्सपिअरची नाटकं एकत्र छापलेलं १६२३ चं जे पहिलं मोठं पुस्तक, फर्स्ट फोलिओ, त्याच्या ८२ प्रती या एकट्या लायब्ररीकडे आहेत, जगात दुसऱ्या कोणाकडेच एवढ्या नाहीत. आणि मॅक्बेथच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे कारण हे नाटक त्या फोलिओच्या आधी छापलंच गेलं नव्हतं, म्हणजे आपल्या हातात जे काही मॅक्बेथ आहे ते सगळं तिथूनच आलेलं. संपादक बार्बरा मोवॅट आणि पॉल वर्स्टाइन. पुस्तकाची मांडणी अशी की उजव्या पानावर नाटक आणि समोरच्या डाव्या पानावर त्याच ओळींच्या टिपा, ओळ नंबर टाकून. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने वाचणं किती बदलतं हे वापरल्याशिवाय कळायचं नाही. टिपा मागे असल्या की आपण आळस करतो, तळाला बारीक अक्षरात असल्या की डोळे दुखतात, इथे अडलं की मान डावीकडे, कळलं की परत उजवीकडे. नाटक थांबत नाही. आणि नाटक थांबलं नाही की माणसं दिसायला लागतात, आणि माणसं दिसली की तो तक्ता टिकत नाही.

उदाहरण देते. पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश, चेटकिणी भेटतात तो. लढाई जिंकून मॅक्बेथ आणि बँको हे दोन सरदार घरी निघालेत, दोघंही शूर, दोघंही राजा डंकनचे लाडके. चेटकिणी मॅक्बेथला तीन हाका मारतात, ग्लॅमिसचा जहागीरदार, कॉडरचा जहागीरदार आणि पुढे होणारा राजा. मॅक्बेथ दचकतो. आता हे दचकणं आपल्याला कळतं कुठून तर बँकोच्या तोंडून, तो विचारतो की अरे एवढी चांगली बातमी आहे तर तू घाबरलास का? का म्हणजे काय, मनात आधीपासून काहीतरी असल्याशिवाय माणूस दचकतो होय. गाइड इथे बरोबर सांगतं, महत्त्वाकांक्षा. पण लगेच पुढे बघा, बँको त्या बायकांकडे वळून म्हणतो की मलाही सांगा, मी तुमच्याकडे भीक मागत नाही की तुमच्या रागाला भीत नाही, पण सांगा. म्हणजे हवंय त्यालाही! आणि मिळतं काय तर तू स्वतः राजा होणार नाहीस पण तुझी पोरंबाळं राजे होतील. मग कॉडरची जहागीर खरोखरच मिळाल्याची बातमी येते आणि बँको तो प्रसिद्ध इशारा देतो, की अंधारातली ही मंडळी छोट्या छोट्या गोष्टी खऱ्या सांगून आपला विश्वास जिंकतात आणि मोठ्या गोष्टीत गळा कापतात. शहाणा माणूस, यात वाद नाही.

पण त्याच वेळी मॅक्बेथच्या अंगात काय चाललंय? केस उभे राहिलेत, काळीज बरगड्यांवर आदळतंय, आणि का, तर राजाला मारायचा नुसता विचार मनात आला म्हणून. अजून काहीही केलेलं नाही त्याने. ज्याला विवेक नाही त्याचं काळीज असं कशाला आदळेल? मला तर उलट वाटतं की सगळ्या नाटकात मन सर्वात जास्त खातंय ते मॅक्बेथचंच, बाकीच्यांचं एवढं खातच नाही.

सातवा प्रवेश तर मी भाचीला मोठ्याने वाचायला लावला. आत राजाची मेजवानी चालू आहे आणि यजमान मॅक्बेथच बाहेर येऊन एकटा उभा आहे. खुनाविरुद्धची कारणं तो स्वतःच एकेक करून मांडतो, एखाद्या वकिलाने मांडावी तशी: हा माझा नातलग, हा माझा राजा, वर आज माझ्याच घरी पाहुणा, ज्याने मारेकऱ्याला दार बंद करायचं त्यानेच सुरा घ्यायचा? वर डंकन इतका सौम्य की त्याचे सद्गुण देवदूतासारखे बोंब मारतील, करुणा उघड्या तान्ह्या बाळासारखी वाऱ्यावर स्वार होऊन येईल. आणि दुसऱ्या पारड्यात काय, तर फक्त एक उडी मारणारी महत्त्वाकांक्षा, तीही पलीकडे जाऊन पडणारी, हे तोच म्हणतो. म्हणजे खटला हरलाय तो. बायको येते आणि तो सांगून टाकतो, हे इथेच थांबवू.

आता मला जे पहिल्यांदा दिसलं ते हे, आणि यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. बायकोला तो यातलं एकही कारण सांगत नाही. एकही! नातं नाही, पाहुणा नाही, बाळ नाही, देवदूत नाही. तिला सांगतो काय, की राजाने आत्ताच माझा मान केलाय, लोक चांगलं बोलतायत, हे नवे कपडे थोडे दिवस मिरवूया, एवढ्यात कशाला टाकायचे. बस. विवेकाची गोष्ट त्याने एकट्यानेच करायची ठेवली, बायकोसमोर काढली ती लोक काय म्हणतील याची गोष्ट. मग तिने ती पाच मिनिटांत मोडून काढली यात नवल काय, तू पुरुष आहेस की नाही म्हटलं की लोक काय म्हणतील हा मुद्दा उलटाच फिरतो. ती कशाशी भांडतेय हे तिला कळूच दिलं नाही त्याने. गाइडमध्ये लिहिलंय लेडी मॅक्बेथ त्याच्या विवेकावर मात करते. कुठे केली मात? विवेक तर मैदानात उतरलाच नव्हता!

आणि मग दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश, माझा सगळ्यात आवडता, लांबीने छोटाच आहे पण तक्त्याचा निकाल तिथे लागतो. मध्यरात्र उलटलेली, चंद्र मावळलेला, बँको आणि त्याचा मुलगा फ्लीअन्स मॅक्बेथच्या किल्ल्यात झोपायला चाललेत. बँको तलवार मुलाच्या हातात देतो. म्हणतो झोपेने शिशासारखं जड झालंय अंग पण झोपायचं नाहीये मला, आणि देवाची प्रार्थना करतो की विश्रांतीत मनात जे वाईट विचार घुसतात ते आवरून धर. कुठले वाईट विचार? सांगत नाही. इतक्यात पाऊल वाजतं आणि लगेच, माझी तलवार दे. मित्राच्या घरात! बाहेर येतो तो मॅक्बेथ. बँको त्याला राजाने लेडी मॅक्बेथसाठी दिलेला हिरा देतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग आपणहून विषय काढतो की काल मला त्या तीन बायकांचं स्वप्न पडलं, तुझ्या बाबतीत त्यांचं थोडं खरंही झालं नाही का. मॅक्बेथ म्हणतो मी त्यांचा विचारही करत नाही, जे धडधडीत खोटं आहे. पुढे म्हणतो की वेळ येईल तेव्हा माझ्या बाजूने राहिलास तर तुझा मान वाढेल. आणि बँकोचं उत्तर बघा: वाढवायच्या नादात आहे तो जाणार नसेल, माझं मन मोकळं आणि निष्ठा स्वच्छ राहणार असेल, तर ऐकेन मी.

नाही म्हणत नाही तो. हो पण म्हणत नाही. दोन मित्र आळीमिळी गुपचिळी खेळतायत आणि दोघांनाही माहितीये की समोरच्याला माहितीये. एक झोपायला जातो, दुसऱ्याला हवेत सुरा दिसायला लागतो. एकाच प्रवेशात. हे नाटककाराने मुद्दाम शेजारी शेजारी ठेवलंय, आणि सारांश वाचून हे कधीच कळणार नाही, कारण सारांशात बँको झोपायला गेला एवढंच येतं.

फरक नाहीये असं माझं म्हणणं नाही, फरक मोठा आहे. दोघांच्याही मनात तेच किडे, पण बँको वर बघून म्हणतो हे विचार आवर, आणि मॅक्बेथने पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशातच वर बघून म्हटलंय की ताऱ्यांनो, विझा, माझ्या काळ्या इच्छा उजेडाला दिसू देऊ नका. एकाला आवरायचंय, एकाला लपवायचंय. तक्ताच करायचा असेल तर या दोन ओळींचा करा, मी पूर्ण मार्क देईन.

पण तिसऱ्या अंकात बँकोही घसरतो हो. खून झालेला आहे, मॅक्बेथ राजा झालाय, बँको एकटा रंगमंचावर येतो आणि जेमतेम दहा ओळी बोलतो. तुला सगळं मिळालं, आणि मला भीती वाटते तू ते घाण खेळून मिळवलंस. मग? मग राजवाडा हलवून सोडतो? कोणाला सांगतो? नाही, पुढची ओळ आहे की त्यांचं तुझ्या बाबतीत खरं झालं तर माझ्याही बाबतीत का होऊ नये, मीही आशा धरावी. आणि चूप, आता पुरे. राजा आला की त्याला सांगतो तुमच्याशी माझी निष्ठा कायमची बांधलेली आहे. चेटकिणींचं बोलणं त्या दोघा नवराबायकोशिवाय फक्त बँकोला माहीत होतं, खून झाल्यावर याच माणसाने देवाच्या साक्षीने मी या कटाविरुद्ध उभा आहे असं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आणि नेमका तोच मूग गिळून बसतो. याला गाइड म्हणतं विवेक! ए. सी. ब्रॅडली नावाच्या जुन्या समीक्षकांनी १९०४ मध्येच हे बोट ठेवलं होतं की बँको निर्दोष नाही, म्हणजे ही काही माझी अक्कल नाही, पण आपल्या गाइडवाल्यांपर्यंत ते अजून पोचायचंय.

याच्यामागे राजकारण आहे आणि ते मजेशीर आहे. हॉलिनशेड नावाच्या इतिहासकाराच्या ज्या बखरीवरून शेक्सपिअरने गोष्ट उचलली (तिची १५८७ ची आवृत्ती तो वापरायचा) तिच्यात बँको सरळ सरळ खुनात सामील आहे. पण नाटक लिहिलं गेलं साधारण १६०६ ला, आणि १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर होता स्कॉटलंडचा जेम्स, ज्याचं घराणं स्वतःला बँकोचे वंशज म्हणवायचं, आणि शेक्सपिअरची नाटक कंपनी तर थेट त्याच्याच नावाने चालायची. मालकाच्या खापरपणजोबाला खुनी कोण दाखवेल? म्हणून बँकोला धुऊन काढलं. पण मला वाटतं पूर्ण धुतलं नाही, डाग ठेवला, राजाला दिसणार नाही एवढाच. (आणि खरा इतिहास म्हणाल तर बँको नावाचा माणूस बहुतेक झालाच नाही, आणि खऱ्या मॅक्बेथने डंकनला झोपेत नाही तर लढाईत मारलं १०४० साली, आणि पुढे १७ वर्षं राज्य केलं. तेव्हा हे नाटक इतिहास म्हणून वाचू नका.)

लेडी मॅक्बेथबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर सगळेच लिहितात. चौथी चेटकीण वगैरे काही नाही. खुनाच्या रात्री ती म्हणते तो झोपेत माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. ही एक ओळ गाइडमध्ये नाही, का नाही ते उघड आहे, चौकटीत बसत नाही. तेव्हाच ती नवऱ्याला सांगते की थोड्या पाण्याने हे धुऊन निघेल. आणि पाचव्या अंकात तीच बाई झोपेत चालत येते, हात चोळत, अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी या हाताचा वास जाणार नाही म्हणत, आणि उशाशी सतत दिवा लागतो तिला, ही गोष्ट दासी डॉक्टरला सांगते. जिने काळोखाला बोलावलं होतं तिला आता दिवा विझवून झोपता येत नाही. राण्यांना नाटकात पद्य मिळतं, इथे तिला तुटक तुटक गद्य दिलंय, उजव्या पानावर नुसत्या छापलेल्या ओळींचा आकार बघितला तरी कळतं काहीतरी मोडलंय. आणि तोपर्यंत नवऱ्याचं काय झालंय? बायकांच्या किंकाळ्या ऐकून म्हणतो भीतीची चवच विसरलो मी. म्हणजे ज्याचं मन सुरुवातीला सगळ्यात जास्त खात होतं त्याचं मेलं, आणि जिचं नव्हतंच असं वाटत होतं तिचं जागं झालं. हे दोघं एकमेकांना वाटेत ओलांडून गेले. दोन रकान्यांच्या तक्त्यात हे कुठे भरणार सांगा.

मॅकडफ या दुसऱ्या सरदारावर लिहीत नाही, बायकोपोरांना किल्ल्यात सोडून इंग्लंडला पळालेल्या माणसाला नुसतं निष्ठा म्हणून पास करणं मला जमत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

आता परत पुस्तकाकडे. प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला डाव्या पानावर चारपाच ओळींचा गोषवारा आहे, नवीन वाचणाऱ्याला बरा, पण मी सांगेन आधी प्रवेश वाचा, मग गोषवारा, नाहीतर तोच तक्त्याचा रोग परत. मधूनमधून लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांतली चित्रं आहेत. शेवटी लांब टिपा, पाठभेद आणि सुझन स्नायडर यांचा एक निबंध आहे, तो नाटक वाचून झाल्यावरच वाचा. आकार पर्समध्ये मावणारा, लोकलमध्ये एका हाताने धरता येतं. आणि नाटक स्वतः लहान आहे, शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं सगळ्यात छोटं, हॅम्लेटच्या जवळपास निम्मं, त्यामुळे एका रविवारी संपतं.

अर्धा स्टार कशाचा कापला? टिपा अर्थातच इंग्रजीत आहेत. साध्या सोप्या इंग्रजीत आहेत, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला शेजारी डिक्शनरी लागणारच, आमच्याकडे लागली. यात पुस्तकाचा दोष नाही, अशीच समोरासमोर टिपांची एडिशन मराठीत कोणीतरी काढायला हवी ही माझी भूक आहे. शिरवाडकरांनी मॅक्बेथवरून केलेलं राजमुकुट आहे, ते मिळालं तर जरूर वाचा, पण ते रूपांतर आहे, स्वतंत्र नाटक म्हणून वाचायचं, कॉलेजच्या पेपरला ते चालत नाही.

मागवताना एक काळजी घ्या. मी ज्या विक्रेत्याकडून घेतलं त्याने पातळ पिशवीत घालून पाठवलं आणि कोपरे दुमडून आले, तेव्हा शक्य असेल तर दुकानात जाऊन हातात घेऊन घ्या. आणि मागवताना नीट बघा, मॅक्बेथच्या नावाखाली सोप्या इंग्रजीत पुन्हा सांगितलेल्या गोष्टीही विकतात, त्यात बँकोचं ते दहा ओळींचं स्वगत वगैरे शोधत बसाल.

कोणी घेऊ नये? ज्यांना परवा पेपर आहे आणि तयार उत्तरं हवीत त्यांनी नाही घेतलं तरी चालेल, यात तयार उत्तर एकही नाही. भाचीच्या मैत्रिणीने चाळून परत दिलं, म्हणाली काकू यात पॉइंट्स कुठेत.

आणि पैसे घालण्याआधी खात्री करायची असेल तर फोल्जरच्या साइटवर नाटकाची पूर्ण संहिता फुकट आहे. डाव्या पानाच्या टिपा तिथे मिळत नाहीत, त्यासाठीच छापील पुस्तक घ्यायचं, पण दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश उघडा, दहा मिनिटं लागतील, कोणाला तरी बँको करा आणि तुम्ही मॅक्बेथ व्हा, मोठ्याने वाचा. आवडलं तर मागवा.